आप्पांची डावी किडनी

माझ्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि सोलापुरातल्या एका शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवत होते. पाय सुजायचे, ते दिवसभर उभं राहून शिकवल्यामुळे, असं मी ठरवून टाकलं होतं. भूक मेली होती, ती उन्हामुळे. बीपी वाढलं होतं, ते नववी ब मुळे. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि विचारलं, "मॅडम, इतके दिवस काय करत होता?"

मी म्हणाले, "पेपर तपासत होते."

त्यांना हे उत्तर आवडलं नाही. त्यांनी आठवड्यातून तीनदा डायलिसिस लिहून दिलं आणि दिवसाला एक लिटर पाणी. चहा, ताक, आमटी सगळं त्या एका लिटरात. मार्च महिना होता. सोलापूरकराला पाणी जपून वापरायची सवय असतेच, नळाला चार दिवसांनी पाणी येतं तेव्हा आपोआप लागते. पण ते निदान बादलीतलं पाणी. आता घशातलंही जपून वापरायचं होतं. शेंगदाणे बंद झाले. म्हणजे शेंगाची चटणी बंद. सासूबाईंनी हे ऐकलं आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, मग भाकरीबरोबर खाणार काय?" त्या म्हणाल्या. किडन्या गेल्याचं ऐकून त्या एवढ्या हलल्या नव्हत्या.

महिन्याभरात डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं की यावर खरा उपाय एकच, किडनी बदलायची. अनोळखी माणसाची मिळायची तर नंबर लावून थांबावं लागेल, किती वर्षं ते सांगता येत नाही. घरातलं कुणी देणारं असेल तर चांगलं. "रक्तगट बघू या," असं ते म्हणाले आणि खोलीतले सगळे भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडे बघायला लागले.

माझा रक्तगट बी. नवऱ्याचाही बी. लग्न जमवताना आमच्या पत्रिका जुळल्या होत्या, तेव्हा घरात पेढे वाटले होते. रक्तगट जुळला तेव्हा कुणी काही वाटलं नाही. नवरा चादरींच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, शेहेचाळीस वर्षांचा, आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी न चढलेला. त्याच्याबद्दल खोटं बोलणार नाही, तो तपासणीला गेला. तिथं त्याचं बीपी एकशेसाठ भरलं. दुसऱ्या दिवशी एकशेसत्तर. तिसऱ्या दिवशी तो गेला नाही.

सासूबाईंनी त्या रात्रीच्या जेवणात विषय संपवला. "घरातला कमावता पुरुष आहे. दोघंही अंथरुणावर पडले तर पोरीचं कसं?" पोरगी म्हणजे माझी मुलगी, तेव्हा बारावीत होती. मी पण कमावते हे बोलायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण माझं त्या दिवसाचं पाणी संपलं होतं आणि भांडायला घसा ओला लागतो. सासूबाई पुढं म्हणाल्या, "आणि खरं सांगू का, आईबापाच्या मायेची सर कुणाला यायची नाही. त्यांचं काळीजच वेगळं असतं."

नवरा म्हणाला, "ते आहेच."

पुढच्या काही आठवड्यांत हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की मला त्यातला नियम कळला. आईवडिलांच्या त्यागाचं कौतुक सगळ्यांत मोठ्या आवाजात तो करतो, ज्याचा रक्तगट जुळतो. पुण्यातला माझा भाऊ व्हिडिओ कॉलवर आईबापांवर दहा मिनिटं असं काही सुंदर बोलला की मला ते नववीच्या निबंधासाठी लिहून घ्यावंसं वाटलं. त्याच्या मागं त्याची बायको उभी होती आणि त्याच्या पाठीत बोट खुपसत होती, ते कॅमेऱ्यात दिसत होतं.

माझे आईवडील मोहोळला राहतात. आप्पा, म्हणजे वडील, तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. स्टँडपासून जवळच त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात, आप्पा त्यांच्यातली जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरतात. चाळीस वर्षं तेच. कमी बोलणारा माणूस. आम्ही दोघं एका खोलीत असलो की पंख्याचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा.

नवऱ्यानं फोन करून त्यांना सगळं सांगितलं. "आप्पा, एक किडनी काढली तरी माणूस दुसऱ्यावर व्यवस्थित जगतो, डॉक्टर म्हणाले," असं तो त्यांना समजावत होता. हे त्याला स्वतःला कुणी समजावलं नव्हतं बहुतेक.

आप्पा म्हणाले, "दोन मोटारी हायत म्हनताय न्हवं? मंग एक बसवा की तिला. कवा येऊ?"

झालं. एवढ्यावर माझ्या पोटाचा निर्णय झाला. आईला साखर आहे म्हणून डॉक्टरांनी तिला आधीच बाद केलं होतं. तिला तो स्वतःचा अपमान वाटला. "नऊ महिने पोटात वाढवली म्या, आन किडनी द्यायला ह्ये चालत्यात, मी न्हाय," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. आप्पांचा रक्तगट ओ निघाला, सगळ्यांना चालणारा. बाकीच्या तपासण्याही जुळत गेल्या.

एका तपासणीनंतर डॉक्टरांनी आप्पांना एकट्याला आत बोलावलं आणि आम्हाला बाहेर बसवलं. वीसेक मिनिटांनी आप्पा बाहेर आले. माझा नवरा, सासूबाई, आई, शिवाय बाकड्यावरचे चार-पाच अनोळखी पेशंट, सगळ्यांसमोर नेहमीच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर म्हनत हुते, तुमाला मनातनं नगं वाटत आसंल तर सांगा. आमी भायेर सांगू, की तुमची किडनी जमत न्हाय. कुनाला कळनार न्हाय."

डॉक्टर दारातच उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला.

"मग तुम्ही काय म्हणालात?" नवऱ्यानं विचारलं.

"म्या म्हनलं, खोटं कशाला बोलायचं? मला नगं आसतं तर म्या आलोच नसतो की."

सगळे हसले. मी हसले नाही. नको म्हणण्यासाठी आप्पांना एक खोली होती, बंद दार होतं, खोटं बोलायला तयार असलेला डॉक्टर होता. मला कुणी त्या खोलीत बोलावलं नव्हतं. घेणाऱ्याला काय विचारायचं, असंच सगळ्यांनी धरलेलं. तहानलेल्याला पाणी हवं की नको, असं कोण विचारतं?

पण मला नको होती. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

त्याचं कारण जुनं आहे. बारावीनंतर मला सांगलीला फार्मसीला प्रवेश मिळत होता. आप्पांनी नाही म्हटलं. कारण दिलं नाही. एकोणिसाव्या वर्षी माझं लग्न झालं. दोन वर्षांनी भाऊ इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, तेव्हा आप्पा स्वतः त्याची ट्रंक घेऊन गाडीत चढले. मी पुढं सासरी राहून बी.ए. केलं, बी.एड. केलं, मास्तरीण झाले, आणि आप्पांशी बोलायचे विषय तेवढे कमी कमी करत गेले. आता हा माणूस काहीही न विचारता आपलं शरीर कापून द्यायला तयार झाला होता. मला वाटलं, हा फार्मसीचा हप्ता आहे. आणि असल्या अपराधीपणातून दिलेली वस्तू पोटात घेऊन आयुष्यभर फिरायचं, हे नीतीला धरून नाही. मराठीची शिक्षिका आहे, असली वाक्यं मला झोपेतही सुचतात.

डायलिसिस नसलेल्या एका मंगळवारी मी एसटीनं मोहोळला गेले. आप्पा दुकानात मोटारीत तार भरत बसले होते. मला बघून त्यांनी माठातून पाण्याचा पेला भरला, पुढं केला, मग काहीतरी आठवून परत घेतला आणि स्वतःच पिऊन टाकला.

मी उभ्या उभ्याच विचारलं, "आप्पा, ही किडनी तुम्ही मला का देताय?"

ते तारेचे वेढे मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "म्हंजी?"

"मला सांगलीला पाठवलं नाही, त्याची भरपाई म्हणून देताय का?"

आप्पांनी हातातली तार खाली ठेवली. शेजारच्या टायरवाल्यानं कॉम्प्रेसर सुरू केला, बंद केला.

"त्ये चुकलंच माजं," ते म्हणाले. "लई चुकलं. पर त्ये येगळं. त्ये आसं किडनी देऊन फिटत न्हाय. त्ये मला ठावं हाय."

हे मी चोवीस वर्षं ऐकायचं म्हणून थांबले होते, आणि ऐकल्यावर पुढं काय बोलायचं याची तयारी केली नव्हती.

"मग ही कशाला?"

"तुजी बंद पडलीया म्हनून. दुसरं काय."

"आणि मी नको म्हणाले तर?"

"तर न्हाय द्यायची. तुजं प्वाट हाय. म्या कोन सांगनार?" मग थोडं थांबून म्हणाले, "एकदा सांगून बगितलं की."

मी विचार करते म्हणाले आणि परत आले. दोन आठवडे मी खरंच विचार केला. फार उच्च दर्जाचा विचार केला. बापाचं शरीर मुलांसाठी असतंच का, नाही म्हणायला जागाच नसेल तर होकाराला काय अर्थ, म्हाताऱ्या माणसाकडून तरुणानं घ्यावं का, तरुण म्हणजे मी. डायलिसिसच्या खुर्चीत हे सगळं मी मनात मांडायचे आणि मला स्वतःबद्दल आदर वाटायचा. नवऱ्याशी बोलताना तर मी आप्पांच्या आरोग्याची अशी काळजी करायचे की तो बिचारा खाली मान घालायचा. तेही मला आवडायचं.

मग मे महिन्यातला एक रविवार आला. पारा त्रेचाळीसच्या वर. घरात सगळे आडवे झाले होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि माठावरचा तांब्या भरून प्यायले. मग दुसरा. तिसऱ्यातला निम्मा पिऊन झाल्यावर मला कळलं की मी काय करते आहे, आणि तरी मी उरलेला निम्मा प्यायले. इतकं सुख मला लग्नात, नोकरीत, बाळंतपणात, कशातच मिळालेलं नाही.

संध्याकाळपर्यंत मला झोपून श्वास घेता येईना. छातीत पाणी झालं होतं. रिक्षात नवऱ्यानं मला धरून बसवलं होतं, तो रडत होता, आणि माझ्या डोक्यात एकही उच्च विचार नव्हता. मला जगायचं होतं, आणि जगून पाणी प्यायचं होतं. कुणाचीही किडनी द्या, बापाची द्या, शेजारच्याची द्या, शाळेच्या शिपायाची द्या. माझं सगळं नीतिशास्त्र तीन तांब्यांत बुडालं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून मी आप्पांना फोन केला.

"आप्पा, द्या."

"बरं," ते म्हणाले. "कागदं काय काय लागत्यात?"

कागदं पुष्कळ लागतात. किडन्यांचा बाजार होऊ नये म्हणून नातं सिद्ध करावं लागतं, आणि ते योग्यच आहे. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, आधार सगळं जमलं. मग दोघांचे एकत्र फोटो मागितले. बेचाळीस वर्षांत आमचा दोघांचा एकत्र फोटो एकच निघाला, लग्नातला. त्यातही मी कॅमेऱ्याकडे बघते आहे आणि आप्पा मांडवाच्या बाहेर, जनरेटरकडे. तो तेव्हा बंद पडला होता. परवानगी देणाऱ्या समितीतल्या बाईंनी फोटो दोनदा उलटसुलट करून बघितला.

समितीत तिघं होते आणि समोर व्हिडिओ कॅमेरा. आप्पा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, हात मांडीवर ठेवून बसले होते.

"तुम्ही हे कुणाच्या दबावाखाली करता का?" एका साहेबांनी विचारलं.

"व्हय," आप्पा म्हणाले.

साहेबांचं पेन थांबलं. "कुणाच्या?"

"हिच्या आयच्या. पर ती चाळीस वरसं झाली दाबतीया. ह्या कामापुरतं न्हाय."

त्यांना समजावून सांगावं लागलं की हे रेकॉर्ड होतंय आणि इथं चेष्टा चालत नाही. मग आप्पा नीट बसले आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "मला कुनी दाबलेलं न्हाय. उलट हीच नगं नगं म्हनत हुती. आता व्हय म्हनलीया तवर उरका."

बायकोची संमती म्हणून आईलाही विचारलं. "तुमच्या नवऱ्यानं किडनी द्यायला तुमची हरकत आहे का?" तिनं आप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग समितीच्या बाईंनाच म्हणाली, "मला विचारताय व्हय?" तिला खरंच खात्री करून घ्यायची होती. मग तिनं एक अट घातली, हे कापाकापी झाल्यावर यांनी दुकानात जड मोटारी उचलायच्या नाहीत. ते संमतीपत्रात लिहा, असा तिनं आग्रह धरला. त्या फॉर्मात त्यासाठी जागा नव्हती.

ऑपरेशन जूनमध्ये झालं. आप्पांची डावी किडनी माझ्या उजव्या कुशीत बसवली आणि ती टेबलावरच चालू झाली. शुद्धीवर आल्यावर नर्सनं मला लघवीची पिशवी दाखवली, भरत चाललेली. मी तिच्याकडे बघत राहिले. त्या पिवळ्या पिशवीहून सुंदर वस्तू मी पाहिलेली नाही, आणि हे मी शुद्ध मराठीची शिक्षिका म्हणून जबाबदारीनं सांगते.

पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवऱ्याच्या मित्रमंडळींनी फ्लेक्स लावला. त्यावर आप्पांचा फोटो, मागं उगवता सूर्य आणि ठळक अक्षरांत 'लेकीसाठी बापाचं काळीज'. आप्पांनी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा चष्मा पुसून परत वाचला. "काळीज कुटं दिलंय म्या?" ते म्हणाले. "किडनी लिवा की सरळ. उद्या कोन तरी मागायला यील."

सत्कारही झाला. चादर आणि नारळ. मी पहिल्या रांगेत मास्क लावून बसले होते. पाहुणे बोलले, नवऱ्याचे मित्र बोलले, शेवटी माइक सासूबाईंकडे आला. "असे वडील प्रत्येक लेकीला मिळोत," त्या म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या. लेकीला असे नवरे मिळोत, असं कुणी म्हटलं नाही. ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. आप्पांना दोन शब्द बोला म्हटलं तर ते खरंच दोनच बोलले. "झालं बरं."

पण दिलेली वस्तू आप्पांच्या मनातून काही गेली नव्हती. रोज सकाळी फोन. "पानी पिलीस का? किती पिलीस? लगवी कशी हाय?" हे फोन शाळेच्या स्टाफरूममध्ये यायचे. एकदा मुलीबरोबर पाणीपुरी खाल्ली हे आईनं त्यांना सांगितलं, तर लगेच फोन. "माज्या किडनीला असलं न्हाय चालायचं." चप्पल घालून जा, ऊन आहे, भांडू नको, बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो. जो माणूस चोवीस वर्षं माझ्याशी पावसापाण्याचंच बोलला, तो आता माझ्या आत राहायला आला होता आणि घरमालकासारखा बोलत होता.

एक दिवस मी म्हणाले, "आप्पा, दिली ना? मग दिली. आता ती तुमची नाही."

फोन ठेवला गेला. दोन दिवस काही आलं नाही. मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"बरं. तुजी किडनी," आप्पा म्हणाले. "पर पानी पिलीस का?"

गेल्या वर्षी एकदा रात्री जेवताना माझ्या मुलीनं सहज विचारलं, "हे आनुवंशिक असलं आणि माझ्या किडन्या गेल्या, तर मला कोण देणार? आईची तर बाद."

"मी देईन की," नवरा म्हणाला. घास हातात होता, तो तसाच तोंडात गेला. एवढं साधं.

सासूबाई म्हणाल्या, "देणारच. बाप आहे."

मला वाटलं होतं मला राग येईल. आला नाही. तो माणूस तेव्हाही खोटं बोलत नव्हता आणि आत्ताही बोलत नव्हता. तपासणीच्या तिसऱ्या दिवशी तो घाबरला होता, आणि लेकीसाठी तो घाबरणार नाही हे मला दिसत होतं. मी भाकरी वाढली. मुलगी मात्र बापाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, तिला गणित येतं.

माझी फाइल आता जाडजूड झाली आहे. दर तीन महिन्यांनी मला तपासणीला बोलावतात, आठवण करणारे मेसेज येतात. आप्पांना कुणी बोलावत नाही. ज्याचं काढलं, त्याचं काम संपलं. पहिल्या वर्षी मीही विसरले. दुसऱ्या वर्षी त्यांचं डोकं जड व्हायला लागलं, तेव्हा आईनं फोन केला आणि मी त्यांना जवळजवळ ओढत सोलापूरला आणलं. बीपी निघालं. डॉक्टर म्हणाले, वयानंही असेल, एका किडनीनंही असेल, सांगता येत नाही. रोज एक गोळी.

"तुज्यामुळं न्हाय," आप्पा लगेच म्हणाले. "तुज्या आयमुळं."

आता मी दर सहा महिन्यांनी त्यांना घेऊन जाते. ते येत नाही म्हणतात, मी ऐकत नाही, आई मागून ढकलते. मागच्या आठवड्यात रिपोर्ट ठीक आले. मग आम्ही स्टँडसमोर उसाचा रस प्यायलो. आप्पांनी एक ग्लास घेतला, मी दोन घेतले, आणि त्यांनी काही म्हटलं नाही. मोहोळची गाडी लागली होती. ते खिडकीपाशी बसले. गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघं उन्हाबद्दल बोललो.